वहीतली एसटीची तिकिटं

अमेरिकेत टेक्सास विद्यापीठाच्या, लेखकांचे कागद जपणाऱ्या ऑस्टिनच्या हॅरी रॅन्सम सेंटरमधल्या ताई,

सप्रेम नमस्कार.

माझ्या मामांच्या जुन्या वह्या कशा जपायच्या हे तुम्ही कळवलंत, त्याबद्दल तुमचे आभार इंग्रजीत मानून झाले, पण ते चार ओळींत संपले आणि पोटातलं पोटातच राहिलं. म्हणून हे पत्र माझ्या भाषेत आणि चारचौघांसमोर लिहितेय. तुमचं नाव छापू का, हे मी विचारलेलं नाही. तेव्हा नुसतं ताई म्हणते.

माझे मामा एसटीत कंडक्टर होते. कुडाळ-मालवण भागातल्या गाड्या त्यांनी आयुष्यभर केल्या. वस्तीच्या गाडीवर मुक्काम पडला की रात्री दोनशे पानी वही उघडून कथा लिहीत बसायचे. त्यातल्या चार-पाच दिवाळी अंकांत आल्या, बाकीच्या वह्यांतच राहिल्या. त्यांची एक सवय होती, ती मला फार उशिरा कळली. प्रवाशाच्या तोंडून एखादा मालवणी शब्द कानावर पडला की तो तिकिटाच्या पाठीवर टिपून ठेवायचे. पुढे तो शब्द कथेत कुठे बसला की ते तिकीट त्याच पानात सारून द्यायचे. चिमट्याने भोक पाडलेलं, बोटभर लांबीचं तिकीट. आम्ही लहानपणी त्यांना वहीतल्या खुणा समजायचो.

मामा गेल्यावर त्यांच्या नऊ वह्या आम्ही एका वाचनालयाला दिल्या. शाल, नारळ, फोटो, सगळं रीतसर झालं. तीन पावसाळे गेल्यावर मी बघायला गेले तेव्हा वह्या पोटमाळ्यावर गळक्या कौलांखाली गोणीत होत्या. चार वाळवीने खाल्लेल्या, पाच भिजून फुगलेल्या. आणि तिकीट एकही नाही. "तो कचरा होता, झाडून टाकला," असं मला सांगण्यात आलं. सांगणाऱ्याने मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. पैसे नव्हते, माणूस नव्हता, हे मी समजू शकते. वह्या सांभाळायला जमत नव्हतं तर एक फोन करायचा होता, आम्ही जाऊन घेऊन आलो असतो. त्या दिवशी एसटी स्टँडवर बसून मी रडले, ते आजही विसरता येत नाही.

घरी अजून अकरा वह्या होत्या. त्यांचं काय करायचं या विचारात असताना 2024 साली नोबेल मिळालेले लेखक गाब्रिएल गार्सिया मार्केस यांच्या शेवटच्या कादंबरीची बातमी वाचली. हे पुस्तक नष्ट करायला हवं, असं खुद्द लेखकाने म्हटलं होतं. पण तिचे खर्डे तुमच्याकडे जपलेले होते. मुलांनी ते पुन्हा वाचले आणि कादंबरी छापली. तेव्हापासून रोज रात्री मोबाईलवर तुमचा संग्रह चाळायचा नादच लागला मला.

मार्केस कोलंबियाचे, आयुष्याचा मोठा भाग मेक्सिकोत गेला, आणि अमेरिकेत मोकळेपणाने यायला त्यांना कित्येक वर्षं बंदी होती. ते 2014 च्या एप्रिलमध्ये गेले आणि त्याच वर्षी त्यांचे कागद टेक्सास विद्यापीठाने 22 लाख डॉलर देऊन घेतले. कोलंबियात अनेकांना त्याचं वाईट वाटलं. घरचा ठेवा परक्या दारी गेला की जीव तुटतोच. पण मग मी तुमची यादी वाचली. दहा पुस्तकांची हस्तलिखितं, दोन हजारांवर पत्रं, चाळीसहून जास्त फोटोंचे अल्बम, 1982 च्या नोबेल भाषणाचे खर्डे, वर्तमानपत्रातली कात्रणं, अगदी ज्यावर लिहिलं ते टाइपरायटर आणि संगणकसुद्धा. काहीही कचरा ठरलेलं नाही! आणि 2017 च्या डिसेंबरात तुम्ही त्यातल्या सुमारे 27 हजार प्रतिमा जगाला फुकट खुल्या केल्या. लेखनाचे हक्क अजून कुटुंबाकडे असताना अशी परवानगी सहसा कोणी देत नाही. त्या कुटुंबालाही माझा नमस्कार सांगा. सिंधुदुर्गातल्या एका घरात, बाहेर पाऊस कोसळत असताना, एक बाई मार्केसच्या टाइप केलेल्या ओळींवरची पेनाने केलेली खाडाखोड बघत बसते, ती तुमच्या आणि त्यांच्या मोठ्या मनामुळे.

तिथूनच तुम्हाला लिहायचं धाडस झालं. पत्रापत्री कशी झाली ते सांगत बसत नाही. मी विचारलं होतं वाळवीबद्दल आणि बुरशीबद्दल. तुम्ही सगळं समजावून सांगितलंत. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको, गंजलेली टाचणी ओढू नका, वह्या भिंतीला टेकवून ठेवू नका, धुतलेल्या कोऱ्या सुती कापडात बांधा. ते वाचून मला आजीच्या पोथीचं बासन आठवलं. म्हणजे हे शहाणपण आमच्या घरात होतंच, आम्हीच विसरलो होतो.

पण हे पत्र त्या सूचनांसाठी नाही. मी शेवटी सहज एक ओळ लिहिली होती की वह्यांत बसची जुनी तिकिटं आहेत, त्यांच्यामुळे पानांवर पिवळे डाग पडताहेत, तर काढून टाकू का? तुम्ही कळवलंत की आधी प्रत्येक तिकिटाचा जागेवरच फोटो काढा, पानाचा क्रमांक पेन्सिलने टिपा, मग तिकीट वेगळ्या पाकिटात घाला आणि पाकिटावर तोच क्रमांक घाला, म्हणजे कुठलं तिकीट कुठल्या पानातलं हे कधी हरवणार नाही. आणि त्याखाली एक प्रश्न विचारलात: "तिकिटांच्या मागच्या बाजूला काय लिहिलं आहे?"

ताई, मी पाठवलेल्या फोटोत कोपऱ्यात शाईची एक पुसट रेघ दिसत होती, तेवढ्यावरून तुम्ही हे विचारलंत. इतक्या वर्षांत हा प्रश्न आम्हाला कोणी विचारला नव्हता. वाचनालयाने नाही, सत्कार करणाऱ्यांनी नाही, आणि खरं सांगते, आम्ही घरच्यांनीही नाही. नोबेल मिळालेल्या लेखकाचे कागद रोज हाताळणारी बाई एका कंडक्टरच्या तिकिटाची पाठ बघायला मागते! मी कोण, मामा कोण, यातून तुम्हाला मिळणार काय होतं? अशी माणसं आहेत म्हणून जगात काही टिकून आहे. माझ्या ओळखीत असे एक पोस्टमन होते, अपुऱ्या पत्त्याचं पत्र घेऊन तीन वाड्या पालथ्या घालायचे. एक नर्सबाई होत्या, ड्यूटी संपली तरी पेशंटचं नाव घेऊन निरोप घ्यायच्या. तुमचं उत्तर वाचताना ती दोघं आठवली.

त्याच रात्री मी सातवी वही काढली. पान 63 वर तिकीट होतं. उलटून पाहिलं, तर निळ्या शाईत एकच शब्द होता, 'वांगडा'. वांगडा म्हणजे सोबत. त्या पानावरच्या कथेत शेवटच्या गाडीत एक म्हातारी चढते. कंडक्टर विचारतो, तिकिटं किती? ती म्हणते, "एकच दी. माज्या वांगडा कोण नाय."

तिकीट आता पाकिटात आहे. पाकिटावर पेन्सिलने 7 / 63 असं लिहिलंय. वही मांजरपाटात बांधून भिंतीपासून वीतभर लांब ठेवली आहे, तुम्ही सांगितलंत तशी. अजून आठ वह्यांतली तिकिटं उलटायची आहेत. एकेक शब्द तुम्हाला कळवत राहीन.

तुमची,
कंडक्टरमामांची भाची