ज्या मशीनवर टेस्ट पडते, तिथेच येऊन बसणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

आपण पॅच, म्हणजे दुरुस्तीचा कोड, पाठवून मोकळ्या झालात, आभाराचे दोन शब्द बोलायला सवडही दिली नाहीत, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

महापे एमआयडीसीतल्या आमच्या ऑफिसात जीडीबीवर, म्हणजे प्रोग्राममधले दोष शोधायला वापरतात त्या डिबगरवर, काम करणाऱ्यांची सकाळ रात्री चाललेल्या टेस्टचा निकाल बघण्यात जाते. डिबगर ठणठणीत असूनही त्यात काही ‘फेल’ आज उगवत, उद्या नाहीसे होत. आणि या खोट्या फेलांच्या गर्दीत एखादा खरा दोष लपला तर तो कोणाला दिसणार, ही आमची धास्ती होती.

आपल्याआधी ज्यांना विचारले, त्यांची उत्तरे ठरलेली होती. ‘पुन्हा चालवा, होईल पास.’ ‘टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट बघायची मुदत, 10 सेकंदांची आहे ना, 60 करा.’ एका अनुभवी गृहस्थांनी तर सरसकट ‘केफेल’ नोंदवायला सांगितले. ती खूण डिबगरमधल्या माहीत असलेल्या, बग क्रमांक मिळालेल्या दोषासाठी असते, टेस्टचे पाप डिबगरच्या माथी मारण्यासाठी नव्हे, हे त्यांना ठाऊक नसेल असे मला वाटत नाही. पालुपद सगळ्यांचे एकच: ‘माझ्या लॅपटॉपवर तर चालते.’

आपण लॅपटॉप उघडलाच नाहीत. ‘जिथे पडते तिथेच बघू,’ म्हणत कोपऱ्यातल्या संथ, जुन्या मशीनपुढे प्लॅस्टिकचे स्टूल ओढून बसलात, लॉग वरपासून वाचत आलात आणि एका ओळीवर बोट ठेवून आमच्याकडे नव्याने लागलेल्या मुलीला विचारलेत, ‘हा प्रॉम्प्ट आत्ताच्या कमांडचा, की मागच्या?’ प्रॉम्प्ट म्हणजे डिबगर पुढच्या कमांडसाठी तयार असल्याची खूण. तिथेच उलगडा झाला. टेस्टमध्ये अपेक्षित उत्तराचा जो पॅटर्न होता, त्याचा शेवट ‘पुढे काहीही चालेल’ असा सैल होता; प्रॉम्प्ट येईपर्यंत तो थांबतच नव्हता. वेगवान मशीनवर आउटपुट आणि प्रॉम्प्ट एकदम येत आणि एक्स्पेक्ट, म्हणजे आउटपुट वाचून पॅटर्नशी ताडणारे साधन, दोन्ही गिळून टाकी. संथ मशीनवर प्रॉम्प्ट मागाहून येऊन बफरमध्ये, म्हणजे न वाचलेले आउटपुट साठते तिथे, पडून राही, आणि पुढची टेस्ट तो शिळा प्रॉम्प्ट आपलाच समजून फेल होई.

दुरुस्ती एका ओळीची निघाली. तरी ‘चेक-रीड1’ लावून, म्हणजे एक्स्पेक्टला एका वेळी एकच अक्षर वाचायला भाग पाडून, ती तपासल्याशिवाय आपण उठला नाहीत. चहा मात्र निवला.

जाणकार माणसे ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या प्रत्येक इमारतीत आहेत. पण ‘तुमचेच काहीतरी चुकत असेल’ असे न म्हणता समोरच्याचे म्हणणे खरे धरून सुरुवात करणारी, आणि त्यासाठी स्वतःची खुर्ची सोडणारी माणसे मला फार थोडी भेटली. पॅचच्या वर्णनात दोष कळवणारी म्हणून त्या मुलीचे नावही आपण कोणी न सांगता घातलेत. ती ओळ तिने घरी सगळ्यांना दाखवली.

तशाच दुखण्याची आणखी एक टेस्ट तिने परवा स्वतः शोधून काढली आहे. पॅच तयार आहे. सवड होईल तेव्हा त्यावर एक नजर टाकावी, ही विनंती.

आपला नम्र,
महाप्याचा एक सहकारी