परिवहन मंत्र्यांना खुले पत्र: आमची लॉरी बेवारस नव्हती

प्रति,
माननीय परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

सविनय नमस्कार.

गेल्या महिन्याच्या 14 तारखेला सकाळी साडेदहाच्या सुमारास शिवडीतील आमच्या गोदामाच्या गल्लीतून 1968 सालची टाटा मर्सिडीज-बेंझ लॉरी क्रेन लावून उचलून नेण्यात आली. त्याआधी बारा दिवस तिच्या पुढच्या काचेवर ‘बेवारस वाहन’ असा छापील कागद चिकटवलेला होता. तो दिसल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी नोंदणी पुस्तक, वडिलांचे मृत्युपत्र आणि गोदामाची भाडेपावती घेऊन संबंधित कार्यालयात गेलो होतो. तेथील अधिकाऱ्यांनी सगळी कागदपत्रे पाहिली, माझ्या अर्जावर आवक शिक्का मारला, 20 तारखेला सुनावणी ठेवली आणि तोवर गाडीला कोणी हात लावणार नाही असा शब्द दिला. हा शब्द सहा दिवस आधीच मोडला गेला. गाडीचा ठावठिकाणा मला 18 तारखेला लागला, तेव्हा एका भंगाराच्या आवारात गॅस कटरने तिचे तुकडे करण्याचे काम चालू होते. तरीही मी 20 तारखेला ठरल्या वेळी सुनावणीला गेलो. गाडीच अस्तित्वात नसल्यामुळे प्रकरण निकाली काढल्याचा मजकूर माझ्यासमोर ठेवून त्याखाली सही करण्यास सांगण्यात आले. मी सही केली नाही.

गाडी रस्त्यावर उभी होती, हे मला मान्य आहे. गोदामाचे छप्पर उतरवले असल्यामुळे तीन महिन्यांसाठी ती बाहेर काढावी लागली होती, आणि अरुंद गल्लीत तिची अडचण होत असेल तर त्यासाठी जो दंड असेल तो भरण्याची तयारी मी अर्जातच लिहून दिली होती. माझी तक्रार ‘बेवारस’ या शब्दाबद्दल आहे. ज्या गाडीचा मालक समोर उभा राहून कागद दाखवत होता, ती गाडी बेवारस कशी ठरली?

महोदय, ही गाडी काय होती ते आपल्याला सांगणे भाग आहे, कारण आपल्या दप्तरात तिची नोंद केवळ एका जुन्या क्रमांकाची आहे. माझ्या वडिलांनी मस्जिद बंदरला एका गाळ्यात मालवाहतुकीची पेढी उघडली, तेव्हा त्यांच्याकडे एक टेबल, बिल्टीची म्हणजे मालपावतीची पुस्तके आणि कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार झालेली एक जुनी फार्गो लॉरी होती. 1968 साली कर्ज काढून त्यांनी ही दुसरी गाडी घेतली. टाटांची टेल्को कंपनी आणि मर्सिडीज बनवणारी जर्मनीची डाइम्लर-बेंझ यांचा 1954 साली झालेला करार 1969 साली संपला आणि गाड्यांच्या नाकावरचा तीन टोकांचा तारा गेला. आमची गाडी त्या ताऱ्याच्या अखेरच्या गाड्यांपैकी होती. आई दर दसऱ्याला त्या ताऱ्याला हळदकुंकू लावत असे.

मुंबई, महाड, चिपळूण, रत्नागिरी हा आमचा मार्ग होता. वाशीचा खाडीपूल होण्यापूर्वी ठाणे आणि मुंब्र्यावरून वळसा घेऊन पनवेल गाठावे लागे. जाताना सिमेंटच्या गोण्या, लोखंडी पाइप, औषधांची खोकी आणि किराणा असे. येताना मे महिन्यात पेंढ्यात रचलेल्या आंब्याच्या पेट्या असत आणि ताडपत्री सोडली की अख्ख्या गल्लीला हापूसचा वास लागे. गणपतीच्या आधी पंधरा दिवस मात्र हौद्यात सगळ्यात वर चाकरमान्यांच्या पत्र्याच्या ट्रंका बांधल्या जात. प्रत्येक ट्रंकेवर पांढऱ्या रंगात गाव, वाडी आणि घराचे नाव लिहिलेले असे. त्या ट्रंका उतरवून घ्यायला फाट्याफाट्यावर बाया कंदील घेऊन उभ्या राहत, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

सोळाव्या वर्षी मे महिन्याच्या सुटीत वडिलांनी मला याच गाडीवर क्लीनर म्हणून पाठवले. खेडजवळच्या एका गावचे आमचे ड्रायव्हरकाका, ज्यांना सगळे उस्ताद म्हणत, त्यांनी स्टिअरिंगच्या चाकावर हिरवी आणि लाल सुतळी इतकी घट्ट गुंडाळली होती की वर्षानुवर्षांच्या तळहातांच्या घामाने ती काळी आणि गुळगुळीत झाली होती. कशेडी घाटात भरलेली गाडी चढू लागली की मी लाकडी ठोकळा घेऊन खाली उतरायचे आणि मागच्या चाकाच्या बाजूने चालत राहायचे, म्हणजे इंजिन दमून गाडी थांबलीच तर ठोकळा चाकामागे सारता येई. गाडी माणसाच्या चालीपेक्षा वेगाने चढत नसे. रात्रीच्या त्या चढावर डिझेलच्या धुराचा वास, उस्तादांचे ‘आहेस ना रे बाळा?’ असे मधूनमधून विचारणे आणि माझे ‘आहे, उस्ताद’ हे उत्तर, एवढेच मला आज आठवते. दोन चढांतल्या सपाटीवर ते रेडिएटरमध्ये पाणी घालायला गाडी थांबवत आणि पहिला तांब्या मला प्यायला देत.

1982 च्या जानेवारीत गिरणी संप सुरू झाला. तो लांबत गेला तशी लालबाग, परळ, शिवडीच्या चाळींतून बिऱ्हाडे गावाकडे निघाली. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी आमच्या गाडीत व्यापाऱ्यांच्या मालापेक्षा पाळणे, पाटे-वरवंटे, देव्हारे आणि गोधड्या अधिक गेल्या. वडिलांनी त्या फेऱ्यांच्या बिल्ट्या फाडल्या, पण भाड्याच्या रकान्यात अनेक ठिकाणी नुसती आडवी रेघ आहे. ती पुस्तके आजही माझ्याकडे आहेत. गिरणगाव कसे रिकामे झाले, कोणत्या चाळीतून कोणत्या वाडीत किती माणसे परतली, याचा लेखी पुरावा त्या रेघांत आहे, आणि ज्या हौद्यातून ती माणसे गेली त्याचे लोखंड आता किलोच्या भावाने विकले गेले आहे.

माझ्या हिशेबाने वर्षाला पंचेचाळीस फेऱ्या आणि जाऊन-येऊन साडेसहाशे किलोमीटर धरले, तर तीस वर्षांत ही गाडी आठ ते नऊ लाख किलोमीटर चालली. या सगळ्या काळात शासनाला आमची आठवण कधी झाली नाही असे नाही. परवाना, कर, फिटनेस, जकात, टोल या प्रत्येक वेळी झाली. मुंबईच्या वेशीवर 2017 च्या 30 जूनपर्यंत जकात नाके उभे होते. तिथल्या रांगांत माझ्या वडिलांच्या आयुष्यातल्या किती रात्री गेल्या हे मोजायला बसलो तर वर्षे भरतील. 2022 साली पंधरा वर्षांवरील अवजड मालवाहनाचे फिटनेस प्रमाणपत्र नूतनीकरणाचे शुल्क 12,500 रुपये झाले. एक-दोन गाड्यांवर घर चालवणाऱ्या माणसाने हे कसे झेलायचे, याचा विचार ज्यांनी आकडा लिहिला त्यांनी केला होता का? ज्या रस्त्यासाठी आम्ही कर भरला, त्या मुंबई–गोवा महामार्गाचे चौपदरीकरण 2011 साली सुरू झाले आणि अजून लोक खड्डे चुकवत गावी जात आहेत. महाडजवळचा सावित्रीवरचा जुना दगडी पूल 2016 च्या ऑगस्टमध्ये एसटीच्या दोन गाड्यांसह वाहून गेला. त्या पुलावर आले की उस्ताद गाडीचा वेग कमी करीत आणि हात जोडीत. एका ड्रायव्हरला जे कळत होते ते तपासणी करणाऱ्यांना कळू नये, याचा मला आजही संताप येतो.

कोकण रेल्वे पूर्ण झाली, 1999 पासून कोलाडहून गोव्यातल्या वेर्ण्याला भरलेले ट्रक रेल्वेच्या वाघिणींवर चढून जाऊ लागले, दाणाबंदर आणि भायखळ्याचे घाऊक बाजार वाशीला गेले, आणि आमच्यासारख्या पेढ्या एकेक करून बंद झाल्या. याबद्दल मी कोणाला दोष देत नाही. काळ बदलतो, धंदे संपतात. जुन्या गाड्यांचा धूर या शहराच्या फुप्फुसांत जाऊ नये हेही मला पटते. म्हणूनच आमची गाडी 1999 नंतर मालवाहतुकीसाठी एकदाही बाहेर पडली नाही. मी ती जपली होती, वापरत नव्हतो. दर रविवारी इंजिन फिरवायचे, स्प्रिंगच्या पाट्यांना ग्रीस लावायचे, हौद्याच्या सागवानी फळ्यांना तेल द्यायचे, हे काम मी वडिलांच्या निधनानंतर अकरा वर्षे केले आहे. गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यावरही शेजारच्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून मी त्या गल्लीत जात होतो. 18 तारखेला भंगाराच्या आवारात मी ज्या चिखलात उभा होतो, तिथे समोर स्टिअरिंगचे चाक पडले होते आणि त्यावरची सुतळी कटरच्या आचेने जळाली होती. मी त्रेसष्ट वर्षांचा आहे, महोदय. वडील गेले तेव्हा मी लोकांसमोर रडलो नव्हतो.

आता कायद्याबद्दल. केंद्र शासनाने 2021 च्या जुलैमध्ये ‘विंटेज’ वाहनांसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुने आणि मूळ स्वरूपात राखलेले वाहन 20,000 रुपये शुल्क भरून दहा वर्षांसाठी नोंदवता येते, त्याला वेगळा क्रमांक मिळतो, त्याला सन्मानाने जगता येते. पण हे नियम दुचाकी आणि खासगी मोटारींपुरते आहेत. मालवाहनाला त्यात जागाच नाही. संस्थानिकाची मोटार वारसा ठरते, एखाद्या हौशी माणसाची जुनी स्कूटर वारसा ठरते, आणि ज्या लॉरीने कोकणातल्या घराघरांत सिमेंट आणि औषध पोहोचवले ती पन्नास वर्षांनंतरही फक्त भंगार ठरते. हा भेद कोणी केला आणि कोणत्या विचाराने केला? 2023 साली जुनी दुमजली बस आणि पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेल्या तेव्हा या शहराने त्यांना हार घातले आणि ते योग्यच होते, कारण त्यांतून मुंबईकर बसून गेले होते. लॉरीत मुंबईकर बसला नाही, पण त्याच्या ताटातले धान्य, त्याच्या घराच्या विटा आणि त्याच्या मुलाची औषधे तिच्यातून आली. अनिकच्या आगारात बेस्टचे संग्रहालय आहे, तेथे ट्रामच्या आठवणी जपल्या आहेत. मालवाहतुकीच्या आठवणीसाठी या शहरात एक खोलीसुद्धा नाही.

म्हणून माझी मागणी अशी आहे की विंटेज वाहनांच्या व्याख्येत मालवाहने घ्यावीत अशी शिफारस राज्य शासनाने केंद्राकडे लेखी करावी, आणि पन्नास वर्षांवरील कोणतेही वाहन मालकाची सुनावणी पूर्ण झाल्याशिवाय व लेखी आदेश हातात दिल्याशिवाय तोडले जाऊ नये असे परिपत्रक आपल्या सहीने निघावे. वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलवर दोन-तीन जुन्या लॉऱ्या छपराखाली उभ्या राहतील एवढी जागा द्यावी; गाड्या देणारी माणसे अजून आहेत, ती जिवंत असेपर्यंत द्यावी. माझ्या प्रकरणात दिलेला शब्द कोणी मोडला याची चौकशी व्हावी. नुकसानभरपाई मी मागत नाही.

भंगाराच्या आवारातल्या मजुराने मला एक गोष्ट परत दिली. गाडीचा मागचा फाळका त्याने कापला नव्हता, त्यावर ‘श्री देव भैरी प्रसन्न’ लिहिलेले पाहून तो बाजूला ठेवला होता. पैसे देऊ केले तर त्याने घेतले नाहीत. तो फाळका आणि बिल्टीची अकरा पुस्तके मी राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाला देण्यास तयार आहे. ती घेऊन कोणत्या दिवशी आणि कोणाकडे यायचे, एवढे आपल्या कार्यालयाने लेखी कळवावे. तोंडी कळवू नये.

आपला,
एका बंद झालेल्या मालवाहतूक पेढीचा वारस
शिवडी, मुंबई