डब्यावर ‘हर्बल’ लिहिलंय म्हणून मुलांना चालेल असं समजू नका

संपादक महोदय, स.न.वि.वि.

मागच्या महिन्यात आपल्या आरोग्य पुरवणीत वजन कमी करणाऱ्या हर्बल टीवर अर्धं पान आलं होतं. सोबत शाळकरी वयाच्या मुलींचे फोटो आणि खाली ‘पूर्ण नैसर्गिक, साइड इफेक्ट नाही’ अशी ओळ. ते वाचल्यापासून चैन पडत नाहीये म्हणून लिहायला बसले, कारण हे सगळं आमच्या घरात होऊन गेलंय.

माझी मुलगी १५ वर्षांची. दोन-अडीच महिने रोज सकाळी तिच्या पोटात कळा यायच्या, पहिला तास हमखास बुडायचा, मला आधी वाटलं परीक्षेचं टेन्शन असेल मग वाटलं पाळीचं काहीतरी असेल, आणि एक दिवस शाळेतून फोन आला की खेळाच्या तासाला चक्कर येऊन पडली. त्या संध्याकाळी तिच्या कपाटात चहाचा डबा सापडला. २८ दिवसांचा कोर्स, वर पानाफुलांचं चित्र, रोज रात्री झोपताना एक कप. हा तिचा तिसरा डबा होता. ‘आई, हर्बलच आहे गं’ म्हणाली, आणि खरं सांगते मला पण क्षणभर हायसं वाटलं की चला गोळ्याबिळ्या तरी नाहीत. मागचं बारीक अक्षरातलं वाचायला चष्मा लावला तर वनस्पतीचं नाव लॅटिनमध्ये, फोनवर शोधलं तेव्हा कळलं की ही आपली सोनामुखी. म्हणजे जुलाबाचं औषध!

आता ‘रात्री झोपताना’ का लिहिलंय ते पण कळलं. सोनामुखीचा परिणाम व्हायला साधारण ६ ते १२ तास लागतात, रात्री घेतली की सकाळी पोट साफ, आणि काट्यावर किलो-दीड किलो कमी दिसतं. पोरांना वाटतं चरबी गेली. पण सोनामुखी काम करते मोठ्या आतड्यात आणि खाल्लेल्या अन्नातल्या बहुतेक कॅलरीज त्याच्या आधीच लहान आतड्यात शोषल्या गेलेल्या असतात, म्हणजे जातं ते पाणी, मळ आणि सोबत पोटॅशियमसारखे क्षार. १९८३ मधल्या एका अभ्यासात जुलाबाच्या औषधाने लिटरच्या लिटर पाणी गेलं तरी कॅलरीज जेमतेम १२ टक्क्यांनीच कमी शोषल्या गेल्या होत्या. पाणी प्यायलं, जेवलं की दोन दिवसांत काटा परत जागेवर. मग पोरगी घाबरते आणि अजून एक कप घेते. आमच्याकडे एकाचे दोन कप कधी झाले ते मला कळलंच नाही.

डॉक्टरांनी पहिल्यांदा रक्तातलं पोटॅशियम तपासायला सांगितलं. मला तोपर्यंत माहीतच नव्हतं की ते फार कमी झालं तर स्नायू गळून जातात आणि हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या सोनामुखीच्या गोळ्यांवर डॉक्टरांना न विचारता एक आठवड्यापेक्षा जास्त घेऊ नका असं लिहिलेलं असतं, आणि तीच वनस्पती चहाच्या पिशवीत घातली की २८ दिवसांचा कोर्स होतो, हे कसं काय चालतं कोणी मला सांगेल का?

सगळेच हर्बल टी वाईट असं मी म्हणत नाही. आल्याचा, पुदिन्याचा, कॅमोमाइलचा चहा मुलांनी प्यायला तर काही बिघडत नाही. उलट ३३० मिलीच्या एका कोल्ड्रिंकमध्ये साधारण ३५ ग्रॅम साखर असते, त्याऐवजी बिनसाखरेचा चहा प्यायला तर फायदाच आहे, पण तो फायदा साखर कमी झाल्याचा आहे. त्या पानांनी चरबी वितळत नाही.

ग्रीन टीचं तसंच. २०१२ मध्ये कॉक्रेनने (वैद्यकीय अभ्यासांचा आढावा घेणारी आंतरराष्ट्रीय संस्था) ग्रीन टीवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले तर वजनातला फरक इतका किरकोळ निघाला की त्याला काही अर्थ नाही. कपभर ग्रीन टी ठीक आहे पण त्याच्या अर्काच्या कॅप्सूल ही वेगळी गोष्ट, जास्त डोसमध्ये त्यांनी लिव्हरला त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. आणि जेवणासोबत चहा घेतला तर शाकाहारी जेवणातलं लोह नीट शोषलं जात नाही. ज्या मुलींची पाळी नुकती सुरू झालीय त्यांना तर लोहाची जास्तच गरज असते, त्यात जेवणच टाळून चहा पिणं म्हणजे दोन्हीकडून मार.

अजून एक गोष्ट जी त्या लेखात नव्हती. वजन कमी करण्याच्या ‘नैसर्गिक’ मालात चोरून औषधं मिसळलेली सापडलीयत, हे अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषधांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, पुन्हापुन्हा सांगितलंय. सिबुट्रामीन नावाचं भूक कमी करणारं औषध हृदयविकार आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे २०१० मध्ये तिथल्या बाजारातून काढलं गेलं, ते नंतरही अशा पाकिटांत सापडत राहिलं. ते लेबलवर नसतंच, मग माझ्यासारखीने चष्मा लावून वाचलं तरी काय कळणार?

या वयात शरीर वाढत असतं हो. उंची वाढायच्या आधी वजन वाढणं, मुलींच्या अंगावर थोडी चरबी येणं हे पौगंडावस्थेत होणारच. हाडांची बरीचशी मजबुती पण याच वर्षांत तयार होते. म्हणून मुलांचं वजन मोठ्यांच्या तक्त्यावर मोजत नाहीत, वय आणि मुलगा की मुलगी हे बघून ग्रोथ चार्टवर बघतात. आमच्या डॉक्टरांनी तो चार्ट समोर ठेवला आणि दाखवलं की माझ्या मुलीचं वजन तिच्या वयाला व्यवस्थित आहे. व्यवस्थित! आणि पोरगी अडीच महिने स्वतःला जुलाब लावून घेत होती. ज्या मुलांचं वजन खरंच जास्त आहे त्यांना पण डॉक्टर झोप (१३ ते १८ वयाला ८ ते १० तास), रोजचं तासभर खेळणं, गोड पेयं बंद आणि सगळ्या घराने एकत्र बसून जेवणं हेच सांगतात.

न्यूयॉर्क राज्यात एप्रिल २०२४ पासून वजन कमी करणारी सप्लिमेंट्स १८ वर्षांखालच्यांना विकायला कायद्याने बंदी आहे. कायदा करणं आपल्या पेपरच्या हातात नाही पण पुरवणी आहे. असा चहा छापताना त्यात कुठली वनस्पती आहे ते सगळ्यांना कळेल अशा नावाने द्या, जुलाब होणारी असेल तर ‘जुलाब होतात’ असं सरळ लिहा, आणि कृपा करून शाळकरी मुलींचे फोटो त्याच्या शेजारी लावू नका.

तिला तो चहा का घ्यावासा वाटला हे विचारायला मला बराच वेळ लागला कारण मला भीती होती की उत्तरात माझं नाव येईल, आणि आलंच. एका लग्नाआधी ड्रेस घालून बघताना मी म्हटलं होतं, ‘थोडं कमी कर, छान दिसेल.’ मी ते विसरून पण गेले होते. आता घरातला वजनकाटा मी शेजारी देऊन टाकलाय आणि रात्रीचं जेवण तिच्यासोबतच होतं. सकाळची पोटदुखी थांबायला साधारण महिना गेला, मधे काही दिवस चहा बंद केल्यामुळे बद्धकोष्ठ झालं तेव्हा ती रडली की बघ मी परत फुगले, ते दिवस फार कठीण होते.

डब्याच्या मागच्या लेबलचा फोटो माझ्याकडे आहे, कंपनीचं नाव झाकून छापणार असाल तर पाठवते.

आपली वाचक,
एक आई (मुलीसाठी नाव छापू नये ही विनंती)