बंदूक खोटी आहे, काळजी नसावी

कॉव्हेंट्री, इंग्लंड
ऑक्टोबर, रविवार

तीर्थरूप आबा आणि आई यांस शिरसाष्टांग नमस्कार.

मी येथे सुखरूप आहे, जेवण वेळेवर होते आणि थंडीचे कपडे पुरेसे आहेत. तेव्हा त्याविषयी आणखी लिहीत नाही. पत्राचे कारण तो फोटो आहे. दादाने तो घरच्या ग्रुपवर टाकला, तेथून तो आत्याकडे गेला आणि आत्याकडून थेट गडहिंग्लजला पोहोचला, असे वहिनींनी कळवले. फोनवर आई रडवेली झाली आणि आबा काहीच बोलले नाहीत, आणि आबा बोलत नाहीत तेव्हा ते जास्त रागावलेले असतात हे मला ठाऊक आहे. म्हणून सविस्तर लिहितो. फोटोत माझ्या हातात दिसते ती बंदूक खरी नाही. तिच्यात गोळी जात नाही, चापाच्या जागी दारावरच्या बेलचे बटण बसवले आहे आणि ते दाबले की नळीच्या तोंडाशी लाल दिवा लागतो. एवढाच तिचा पराक्रम.

अंतराळातल्या लढायांच्या चित्रपटांत शिपायांच्या हाती जी किरणे सोडणारी बंदूक असते, तिला ब्लास्टर म्हणतात, आणि घरातल्या व हार्डवेअरच्या दुकानातल्या वस्तू जोडून तशी बंदूक करणे हा येथील बऱ्याच लोकांचा सुटीचा उद्योग आहे. माझ्या ऑफिसातले वयाने दादापेक्षा मोठे, मुलाबाळांचे गृहस्थ हेच करतात. आबांना हा पोरखेळ वाटेल. पण 1976 साली लंडनजवळच्या एल्स्ट्री स्टुडिओत ‘स्टार वॉर्स’चे चित्रीकरण झाले तेव्हा हाताशी पैसे बेताचे होते, आणि रॉजर ख्रिश्चन या सजावटकाराने शिपायांसाठी खऱ्या स्टर्लिंग बंदुकांवर पट्ट्या आणि इतर सुटे भाग चिकटवून भागवले. नायकाची प्रकाशाची तलवार म्हणजे जुन्या ग्राफ्लेक्स कॅमेऱ्याच्या फ्लॅशची मूठ होती. त्या चित्रपटाच्या कलादिग्दर्शनाला पुढे ऑस्कर मिळाले आणि ते घेणाऱ्यांत हा सजावटकारही होता. बाबूराव पेंटरांनी 1918 साली आपल्याच गावात स्वतः कॅमेरा तयार केला, हे आबा प्रत्येक पाहुण्याला सांगतात. तेव्हा निदान कोल्हापुरात तरी असल्या खटपटीला कोणी हसू नये.

आता बंदूक कशी केली ते सांगतो. मुख्य नळी म्हणजे सिंकच्या सांडपाण्याचा पाइप आहे, नावाला 40 मिलिमीटरचा आणि बाहेरून मोजला तर 43 चा. त्याच्या आत टाकीच्या ओव्हरफ्लोचा साडेएकवीस मिलिमीटरचा पाइप घातला आहे आणि मधली फट रबरी वॉशरांनी भरली आहे. काही वॉशर बाहेर ओळीने दिसतील असे ठेवल्यामुळे नळी थंड करण्याच्या पाकळ्या असाव्यात असे वाटते. तोंडाला हेअर ड्रायरचे पुढचे चपटे नाक, वर नेमाची दुर्बीण म्हणून एका मोडक्या दुर्बिणीची अर्धी बाजू आणि तिला धरायला दोन होज क्लिपा. मूठ जुन्या हातकरवतीची आहे. ते लाकूड इतके सुरेख गुळगुळीत झालेले होते की त्याला मी रंग लावला नाही. येथील सगळे पाइप एका जातीचे नसतात, आणि जे पॉलिप्रॉपिलीनचे असतात त्यांना ना सोल्युशन धरते ना अराल्डाइट, त्यामुळे तसे तुकडे स्क्रूनेच आवळावे लागतात. दिव्याला नऊ व्होल्टची बॅटरी आणि 390 ओहमचा रेझिस्टर लावला आहे, त्यामुळे एलईडी जळत नाही.

खरे काम रंगाचे आहे. पाइप पॉलिश पेपरने घासून चकाकी घालवली नाही तर रंग पोपडे धरतो. म्हणून घासायचे, करडा प्रायमर मारायचा आणि त्यावर चंदेरी रंग द्यायचा. तो वाळला की त्यावर केसांना मारतात तो स्प्रे मारायचा आणि सर्वांत वर भडक नारिंगी ॲक्रिलिक रंग द्यायचा. मग ओल्या ब्रशने हव्या त्या जागी घासायचे. पाण्याने मधला स्प्रे विरघळतो, वरचा नारिंगी रंग कपचे होऊन निघतो आणि खालची ‘धातू’ उघडी पडते. शेवटी पाण्यात कालवलेला काळपट रंग फासून लगेच फडक्याने पुसला, की तो खाचांत तेवढा राहतो आणि जुन्या वंगणासारखा दिसतो. येथील मित्र कडा दिसली की घासत सुटतात. मी मात्र जेथे अंगठा टेकतो, जेथे तळहात घासतो तेथलाच रंग काढला, कारण उद्यमनगरातल्या आपल्या कारखान्यातल्या जुन्या लेथच्या हँडलपाशी रंग तसाच उडाला आहे. मित्रांनी विचारले, हे कोठे शिकलास? मी म्हटले, घरी.

सामान कोठून आणले हे सांगताना मात्र जरा संकोच वाटतो, कारण आत्या लगेच म्हणेल की पोरगा परदेशात भंगार गोळा करतो. येथे रविवारी पहाटे गावाबाहेरच्या मैदानात लोक आपापल्या मोटारी घेऊन येतात, जागेचे भाडे भरतात, मोटारीची डिकी उघडतात आणि घरातली अडगळ विकायला मांडतात. हे व्यापारी नसतात. चांगले पेन्शन असलेले आजोबा-आजी घडीच्या खुर्च्यांवर बसून थर्मासमधला चहा पीत असतात आणि पुढ्यात एकच चमचा, तुकडे हरवलेले कोडे, बिनवायरचा हेअर ड्रायर असे काहीही असते. कोणी ओरडून बोलावत नाही, कोणी हात धरत नाही. तुम्ही वस्तू उचलली की ते तिचा इतिहास सांगतात, भाव विचारला की ओशाळतात, आणि कमी करा म्हटले की उलट त्यांनाच हायसे वाटते. उरलेले सामान दुपारच्या आत पुन्हा डिकीत भरून ते घरी नेतात आणि पुढच्या रविवारी परत आणतात! पन्नास पेन्सांच्या वस्तूसाठी पेट्रोल जाळून आणि भाडे भरून यायचे, यातले गणित मला अजून उमगलेले नाही. लाज मात्र कोणालाच वाटत नाही, म्हणून मीही वाटून घेत नाही. सगळा खर्च वीस पौंडांच्या आत झाला, हे मुद्दाम लिहितो.

पोलिसांविषयी आईने काळजी करू नये. हुबेहूब खरी दिसणारी खोटी बंदूक करणे आणि विकणे यावर येथे 2006 च्या कायद्याने बंधने आहेत. म्हणूनच माझी नारिंगी आहे, आणि ती खऱ्या कोणत्याही बंदुकीसारखी दिसत नाही. ती उघड्यावर मिरवणे मात्र नारिंगी असली तरी गुन्हा ठरू शकते, त्यामुळे ती घराबाहेर नेताना बंद पिशवीत असते. फोटो घरातलाच आहे. मागे देवाचा फोटो दिसतो, तो आईने पाहिला असेलच.

पैशांचे म्हणाल तर मशीनच्या कर्जाचा हप्ता पाठवला आहे, आणि वीस पौंडांवरून कोणी हिशेब काढू नये, कारण या महिन्यात मी बाहेर जेवलेलो नाही. दिवाळीला येणे होत नाही. रजा मागितली होती, मिळाली नाही. फराळ पाठवण्याचा खर्चही करू नका, येथे सर्व मिळते. जुना लेथ काढण्याचे दादाने कळवले. गिऱ्हाईक चांगले असेल तर द्या, माझ्यासाठी तो अडवून ठेवण्याचे कारण नाही, मी तेथे नाहीच.

गडहिंग्लजच्या पाहुण्यांनी फोटो पाहून ‘मुलगा नक्की काय काम करतो’ असे विचारल्याचे कळले. त्यांना सांगावे की मुलगा मोटारींच्या सुट्या भागांचे डिझाइन करतो, नोकरी कायम आहे आणि बंदूक प्लॅस्टिकची आहे. मुलीने स्वतः फोटो पाहून काय म्हटले हे वहिनींनी विचारून कळवावे. ती हसली असेल तर पुढचे बोलणे करायला माझी हरकत नाही, आणि ती घाबरली असेल तर आईने तिला फोनवर समजवावे. मी समजावलेले उलटेच होते.

एक काम आबांना सांगतो. दुर्बिणीच्या बाजूला फिरवायची चकती मी बाटलीच्या झाकणाची बसवली आहे, ती शोभत नाही. लेथ जाण्यापूर्वी बावीस मिलिमीटर व्यासाची, दहा मिलिमीटर जाडीची पितळी चकती टर्न करून, कडेला नर्लिंग करून, म्हणजे पकडीसाठी खाचा पाडून ठेवावी. मधले भोक सहाचे. बारीक नर्लिंग नको, हाताला लागेल असे असावे. दादाचा मित्र डिसेंबरात इकडे येणार आहे, त्याच्याबरोबर द्यावी.

लहानांस आशीर्वाद, वहिनींना नमस्कार.

आपला,
संजू