चांदीची खाण म्हणजे शिसे-जस्ताची खाण

महोदय,

चांदीच्या भाववाढीवर आपल्या दैनिकात काही दिवस सतत बातम्या येत आहेत. सराफांच्या प्रतिक्रिया, लग्नसराईत जोडवी-पैंजणांसाठी होणारी ओढाताण हे सगळे त्यात आले, ते बरे झाले. मात्र त्यातल्या एका बातमीत ‘भाव चढल्यामुळे राजस्थानातील चांदीच्या खाणी उत्पादन वाढवतील’ असे म्हटले आहे. माझी भूवैज्ञानिकाची नोकरी उदयपूरजवळच्या झावर खाणीत झाली. त्या वाक्यावर लिहिल्याशिवाय मला राहवत नाही.

राजस्थानात निव्वळ चांदीसाठी चालणारी खाण नाही. झावर, राजपुरा-दरीबा, सिंदेसर खुर्द, रामपुरा आगुचा या सगळ्या शिसे-जस्ताच्या खाणी आहेत आणि देशात निघणारी जवळजवळ सगळी चांदी त्यांच्यातूनच येते. ती शिशाच्या खनिजात, म्हणजे गॅलेनात, दडलेली असते. टनभर दगडामागे ती ग्रॅममध्ये मोजावी लागते. कुठे खणायचे, किती खणायचे, कोणता पट्टा सोडून द्यायचा, हे मुख्यतः जस्त आणि शिसे ठरवतात. म्हणून चांदीचा भाव दुप्पट झाला तरी चांदी दुप्पट निघत नाही. गुंतवणूक करणाऱ्या वाचकांना ते सांगायला हवे.

झावरच्या मोचिया, बलारिया, झावरमाला आणि बरोई या डोंगरांच्या पोटात डोलोमाइट हा चुनखडीसारखा दगड आहे. हा दगड दीडशे कोटी वर्षांहून कितीतरी जुना. आपल्या पायाखालचा काळा पाषाण साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. सोलापूर भागात विहीर खणताना चमकणारे स्फटिक लागतात आणि लोक ते मोठ्या आशेने मला दाखवायला आणतात. ते जिओलाइट असते, नाहीतर कॅल्साइट. चांदी तिथे नाही, कारण आपल्या खडकाची घडणच वेगळी आहे. झावरचे थर पाण्याखाली साचले, पुढे प्रचंड दाबाने वळले, मोडले, आणि आज खनिज मिळते ते या वळणांत आणि भेगांत. शिरा कुठे बोटाएवढ्या, कुठे अचानक फुगून पुरुषभर रुंद, तर कुठे चार पावलांत गायब. असे खनिज नकाशावर सरळ रेघ ओढून सापडत नाही.

मग ते सापडले कसे? आमच्या आधी तिथे जे लोक उतरले होते, त्यांच्यामुळे. एका पाळीत भोक पाडताना ड्रिलचा दांडा एकाएकी मोकळा गेला आणि पाणी परत येईना. पुढे तिथवर पोहोचलो तर आत गोलसर दालन होते, भिंती काजळीने काळ्या. जुने खाणकरी दगडाला आग लावून तो तापवत, तडकलेले पापुद्रे लोखंडी छिन्नीने काढत आणि पुढे सरकत. त्यांनी मागे ठेवलेली लाकडे, शिड्या आणि आधाराचे ओंडके झावरच्या खाणींत मिळाले आहेत. कार्बन पद्धतीने त्यांतल्या काहींचे वय दोन हजार वर्षांहून जास्त आले. दरीब्याच्या जुन्या खोदकामातले लाकूड तर सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचे. त्या दालनाच्या कडेला मी माझ्या दिव्याचा उजेड फिरवला तेव्हा त्या माणसांनी नेमकी कोणती शीर धरली होती ते स्पष्ट दिसत होते. नापीक दगडात त्यांनी हातभरही जास्त खोदले नव्हते. आमच्याकडे कोअर, म्हणजे ड्रिलने काढलेले दगडाचे दांडे होते, प्रयोगशाळा होती. त्यांच्याकडे डोळे आणि मशाल.

मेवाडच्या परंपरेत झावरच्या चांदीचे श्रेय चौदाव्या शतकाच्या अखेरीच्या राणा लाखाला दिले जाते. खोदकाम त्याच्या कितीतरी आधीचे, पण त्याच्या वेळी खाणीला पुन्हा जोर आला असावा. गॅलेनापासून शिसे गाळत आणि ते शिसे हवेच्या झोतात तापवत राहत. शिशाचे मुरदाडशिंग, म्हणजे शिशाचे ऑक्साइड, होऊन बाजूला जाई आणि तळाशी चांदीचा गोळा उरे.

जस्ताने मात्र त्यांची खरी परीक्षा पाहिली. जस्त ९०७ अंश सेल्सियसला उकळते आणि खनिजापासून ते सुटायला त्याहून जास्त उष्णता लागते. म्हणजे धातू तयार होतो तो वाफ होऊनच, आणि उघड्या भट्टीत ही वाफ लगेच जळून पांढरी राख होते. झावरच्या कारागिरांनी वांग्याच्या आकाराच्या मातीच्या बंद मुशी केल्या, त्या भट्टीत उलट्या लावल्या आणि वाफ खालच्या थंड कप्प्यात उतरवली. एका भट्टीत अशा ३६ मुशी. ‘रसरत्नसमुच्चय’ या जुन्या रसग्रंथात या वांग्याच्या मुशीचे वर्णन आहे. १९८३ मध्ये ब्रिटिश म्युझियम, बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि या खाणी चालवणारी हिंदुस्तान झिंक कंपनी यांच्या पथकाला उत्खननात या भट्ट्या जागच्या जागी मिळाल्या. पॉल क्रॅडॉक आणि के. टी. एम. हेगडे यांचे हे काम जगभर वाचले गेले. युरोपात विल्यम चॅम्पियनने ब्रिस्टलमध्ये वाफ खाली उतरवूनच जस्त काढले, त्याचे पेटंट १७३८ सालचे. झावरमध्ये तोवर जस्ताचे मोठे उत्पादन शतकानुशतके चालू होते. वापरून टाकलेल्या मुशींचे तिथे डोंगर आहेत, घरांच्या भिंतीसुद्धा त्या मुशी रचून बांधलेल्या आहेत. ज्या देशाने जस्त गाळून दाखवले, त्या देशात १९६०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत जस्त गाळणारा कारखाना नव्हता, ही गोष्ट मला आजही टोचते.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला झावर ओस पडले. १८१२-१३ च्या दुष्काळाने माणसे पांगली, आणि त्याआधी मराठी फौजांच्या स्वाऱ्यांनी मेवाड पिळून निघाला होता. आपल्याकडे हा भाग सांगताना लोक आवाज खाली करतात. मी तो उघडपणे सांगतो.

पुन्हा जाग आली ती युद्धामुळे. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तिथली बॉडविनची शिसे-जस्त-चांदीची मोठी खाण हातची गेली. तेव्हा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने झावरच्या जुन्या खोदकामांकडे मोर्चा वळवला. त्यांच्या मागोमाग मेटल कॉर्पोरेशन ही खाणकंपनी आली. १९६५ मध्ये सरकारने तो कारभार ताब्यात घेतला आणि जानेवारी १९६६ मध्ये हिंदुस्तान झिंक स्थापन झाली. उदयपूरजवळच्या देबारीचा जस्त कारखाना १९६८ चा. भिलवाडा जिल्ह्यातील रामपुरा आगुचाचा साठा १९७७ मध्ये हाती लागला, तिथेही जमिनीवर गंजलेल्या तांबूस दगडाची टोपी आणि जुन्या खाणकऱ्यांच्या खुणा होत्याच. राजपुरा-दरीब्याची अशी टोपी राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे. शोधाचा इतिहास लिहिताना सर्वेक्षणाचे आणि कंपन्यांचे नाव येते, ते यायलाच हवे. पण काजळीच्या दालनांत ज्यांनी शीर धरून ठेवली, त्यांच्यासाठी पाठ्यपुस्तकात चार ओळी तरी हव्यात. मुलांना विज्ञानाच्या तासाला ऊर्ध्वपातन शिकवतात. तिथे झावरची मूस सांगायला काय हरकत आहे?

म्हणून दोन विनंत्या. आपल्या शनिवारच्या पुरवणीत या विषयाला एक पान द्यावे. भट्ट्यांची छायाचित्रे आणि खडकाचे नमुने मी आणून देईन. दुसरी विनंती सोलापूरच्या शाळा, महाविद्यालये आणि यात्रा काढणाऱ्यांना. आपल्याकडून केसरियाजींच्या जैन मंदिरात दर्शनाला आणि उदयपूरच्या सहलीला दरवर्षी गाड्या जातात. केसरियाजींहून उदयपूरकडे येताना त्याच महामार्गावरून झावरकडे वळता येते, उदयपूरपासून हे ठिकाण सुमारे ४० किलोमीटर. अर्धा दिवस पुरतो. झावरमातेचे देऊळ, जुन्या जैन मंदिरांचे अवशेष आणि मुशींचे ढिगारे पायी पाहता येतात. जुन्या खोदकामात कोणी उतरू नये, आत पाणी आणि वायू साचलेला असतो. आणि ढिगाऱ्यातली मूस आठवण म्हणून पिशवीत घालू नये.

आपला,
एक निवृत्त खाण भूवैज्ञानिक
जुळे सोलापूर