तुका ह्या कोणी सांगल्यान?

प्रिय झिला,

काल फोनवर बोलता बोलता लाईट गेली, मग रेंज पण गेली आणि आपलं बोलणं अर्धवटच राहिलं. तुम्ही जो व्हिडिओ गेम बनवताय त्याचं बोलत होतो, तू म्हणालास, बाबा, गेममधल्या गावातल्या कुठल्या माणसाला काय माहीत आहे एवढं प्लेअर, म्हणजे खेळणारा, बघत नाही, आमचे ऑफिसातले सर पण तेच म्हणतात. ते रात्रभर डोक्यातून गेलं नाही. म्हणून सकाळी चहा झाल्यावर टाईप करायला बसलोय, लांब होईल, रिसेसमध्ये वाच.

प्लेअर बघतो रे. मी बघितलं ना. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तू तुझा जुना प्लेस्टेशन इथे ठेवून गेलास तेव्हापासून मी तीन गेम खेळलो, सगळे रस्त्याने फिरायचे, गावं बघायची, माणसांशी बोलायचं असलेच. मारामारी मला अजून नीट जमत नाही पण माणसं मी बारकाईने बघतो, छत्तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली, दुसरं केलं काय, माणसंच बघितली.

पहिला स्कायरिम, २०११ चा. सुंदर आहे, डोंगर, धुकं, सगळं. लोहार सकाळी भट्टीवर, संध्याकाळी घरी, रात्री झोपायला, मला वाटलं वा, हे गाव जिवंत आहे. मग मी त्यातल्या व्हाईटरन नावाच्या गावात एका घरातून चांदीची थाळी उचलली (कोणी बघितलं नाही, मी पूर्ण खात्री केली) आणि पार दुसऱ्या टोकाला सॉलिट्यूडला जाऊन विकायला काढली, तर दुकानदार घेईना, चोरीची म्हणून. अरे तुला कोणी सांगितलं? आम्ही दोघं पहिल्यांदा भेटतोय, थाळीवर नाव नाही, मधे एवढे डोंगर! आणि तोच दुकानदार, त्याच्या डोक्यावर बादली ठेवली की समोरून दुकान साफ केलं तरी गप्प. डोळे झाकले म्हणून दिसलं नाही हे ठीक, हिशोब बरोबर आहे, पण आपल्या डोक्यावर बादली कोणी ठेवली असा प्रश्न त्याला पडत नाही. म्हणजे जे कळायला नको ते त्याला कळतं आणि जे कळायला हवं ते कळत नाही. माझं मन तिथेच उडालं, चेहरा बोलणं आवाज सगळं चांगलं असून.

तुला देवळाकडचा दशावतार आठवतो काय? तू सातवीत असशील. दशावतारात लिहिलेली संहिता नसते, रंगपटात कथा सांगतात आणि मंचावर प्रत्येकजण आपलं बोलणं आपणच रचतो. त्या रात्री राजाचं काम करणारा पोरगा नवीन होता. राजा आत असताना बाहेर प्रधानाने कट केला, तो पोराने पडद्याआडून ऐकलेला, आणि बाहेर येऊन सरळ प्रधानावर ओरडला, तू माझ्याविरुद्ध कट करतोस! पुढे बसलेला एक म्हातारा घोंगडीतून तोंड काढून म्हणाला, "रे, तुका ह्या कोणी सांगल्यान?" पोरगा गप्प झाला. पेटीवाल्याने सूर धरून ठेवला म्हणून वेळ निभावली. त्या म्हाताऱ्याला पोराचा मुकुट वाकडा होता तो चालला, आवाज बसलेला चालला, पण राजाला माहीत नसलेली गोष्ट राजा बोलला ते नाही चाललं. तुमचा प्लेअर म्हणजे तोच म्हातारा आहे, तो ओरडत नाही एवढंच.

तू मला फ्लॅग की काय ते समजावलंस ना, राक्षस मेला की गेममध्ये एका जागी "मेला" अशी नोंद होते आणि सगळे गावकरी बोलताना तिथेच बघतात. म्हणजे सगळे एकाच फळ्यावर वाचून येतात. गावात असा फळा नसतो रे. गावात बातमी चालत जाते, होडीतून जाते, आणि माझ्या काळात निम्मी बातमी माझ्या गाडीतून जायची. मालवणहून कसालकडे निघालो की चौक्याला काय कळलं आणि कट्ट्याला काय कळलं यात फरक असायचा, आणि गाडी चुकली तर पुढच्या गावाला त्या दिवशी कळायचंच नाही.

यात एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. नव्वदच्या आसपास, वस्तीची गाडी. मालवणात एकाने मला सांगितलं की अमक्या घरातला मुलगा मुंबईत लोकलमधून पडला, पायाला लागलंय, घरी निरोप दे. मी निरोप घेतला, आणि चुकलो ते इथे, की गाडीत शेजारच्या माणसाला सांगितलं, मोठ्याने, पंच वाजवता वाजवता. पुढच्या स्टॉपला तो उतरला, दुसरे चढले, मागच्या सीटवर बोलणं चालू. "पडलो." "लय लागला." "हॉस्पिटलात आसा." "वाचाचो नाय म्हणतत." मी तिकिटं फाडत होतो, माझ्या कानावर येत होतं आणि माझ्या लक्षात आलं नाही की हे माझंच वाक्य फिरतंय. शेवटच्या स्टॉपला गाडी लागली तेव्हा त्याची आई कंदील घेऊन उभी होती, कोणीतरी सायकलवरून आधी पोचलेला, आणि ती मला म्हणाली, "खरा सांग, झील गेलो मां?" मी तिच्यासमोर दहा वेळा बोललो पाय, फक्त पाय, तरी तिला खरं वाटेना. तो पुढच्या महिन्यात कुबडी घेऊन उतरला माझ्याच गाडीतून. पण ती रात्र तिने काढली, ती माझ्यामुळे.

म्हणून म्हणतो की बातमीला वाट असते, वेळ लागतो आणि वाटेत ती बदलते. तुझ्या गेममध्ये हे आलं पाहिजे. रेड डेड रिडेम्पशन टू, २०१८ चा, त्यात थोडं आहे. गुन्हा बघितला की बघणारा पळत सुटतो, शेरीफला सांगायला, आणि तो पोचायच्या आत गाठला तर शेरीफला कळतच नाही. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी खुर्चीत सरळ बसलो, बातमीला पाय दिले त्यांनी! फक्त ती बातमी पोलिसाकडेच जाते, हॉटेलवाल्याकडे, शेजारणीकडे जात नाही, तेवढं राहून गेलं. आणि तिसरा किंगडम कम, प्राग शहरातल्या कंपनीचा, तोही २०१८ चा, गोष्ट १४०३ सालच्या युरोपातल्या बोहेमियाची. त्यात एका गावातलं नाव खराब झालं तर ते त्या गावातच, दुसऱ्या गावात तू नवाच. कपड्यावर रक्त चिखल असेल तर समोरचा त्यावरून वागतो, म्हणजे त्याला जे दिसतंय त्यावरून. हे मला पटलं.

आणि तू पाठवलेला तो स्टॅनफर्डचा प्रयोग, २०२३ चा, दोनदा वाचून काढला. छोटं गाव, कॉम्प्युटरनेच चालवलेली पंचवीस माणसं, एका बाईच्या मनात फक्त एवढं घातलं की तिला व्हॅलेंटाईनची पार्टी करायची आहे. दोन दिवसांत ती बातमी एकीवरून तेराजणांपर्यंत गेली, आमंत्रण बाराजणांना, आली पाच. ती पाच वाचून मला फार बरं वाटलं. सगळे आले असते तर मी लगेच म्हटलं असतं खोटं आहे. आपल्याकडे सत्यनारायणाला सगळी वाडी बोलावतो, येतात किती ते तुझ्या आईला विचार.

तुम्हाला तेवढं मोठं काही करायला नको. तू सांगितलंस की प्रत्येक वेगळं वाक्य रेकॉर्ड करायचं म्हणजे पैसा, टेस्टिंगला वेळ. मग वाक्यं वाढवू नको, उलट काढून टाक. तुझ्या गेममधली ती बंदरावरची बाई, क्लिपमध्ये दाखवलीस ती, किल्ल्यावर काल रात्री झालेलं तिला सकाळी अख्खं पाठ आहे. तिला फक्त एवढंच कळू दे की पहाटे होड्या उशिरा लागल्या आणि खलाशी कोणी बोलत नव्हते. दोन दिवसांनी बाजारात जाऊन आली की मग तिला चुकीचं नाव कळू दे. वाक्यं तेवढीच राहतील, फक्त कोणी कधी काय बोलायचं ते बदलेल.

अजून एक, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कळलेलं माणूस प्रत्येक वेळी बोलून दाखवत नाही. तुझी बारावी राहिली त्या दिवशी तू मालवणहून माझ्याच गाडीत बसलास, शेवटच्या सीटवर, खिडकीकडे तोंड करून. गाडी भरलेली होती. मला वाटलं होतं आता कोणीतरी विचारणार, मी घंटीची दोरी धरून तयारच उभा होतो की कोणी विचारलं तर आधी मी बोलेन. कोणी विचारलं नाही. वरच्या वाडीतली मासेवाली काकी तुझ्या बाजूला बसली, टोपली पायाशी, पूर्ण रस्ताभर पावसाचं बोलली, यंदा नाले भरले नाहीत, माशाला भाव नाही असं. उतरताना तिने चार बांगडे केळीच्या पानात बांधून तुझ्या मांडीवर ठेवले, "आवशीक सांग तिखला कर म्हणान," आणि गेली. तू घरी येऊन म्हणालास, बरं झालं तिला माहीत नव्हतं. झिला, तिला सकाळी अकरा वाजताच कळलेलं होतं, मीच सांगितलेलं, बंदरावर, तुझी आई रडते म्हणून. टोपलीत तेवढेच बांगडे उरलेले होते तिच्या.

असं एक माणूस तुझ्या गेममध्ये ठेव. ज्याला सगळं माहीत आहे आणि जो पावसाचं बोलतो. प्लेअरला लगेच नाही कळणार, कळलं तर दहा तासांनी कळेल, नाहीतर नाहीच. तरी ठेव, सरांना माझं नाव सांग हवं तर.

काकीने आता टोपली सोडली, डोळ्याला कमी दिसतं, पायरीवर बसलेली असते. काल विचारत होती तू चतुर्थीला कोणत्या गाडीने येतोस. मला माहीत नाही म्हणून सांगितलं, खरंच माहीत नव्हतं. तिकीट काढलंस की कळव.

तुझे बाबा