भिंतीवरचा सेतू आणि आपले भांडण

बँकॉक, रविवार

प्रिय शरद,

सप्रेम नमस्कार. चार वर्षे मी तुला एक ओळही लिहिली नाही, याची लाज वाटते. प्रकृती ठीक आहे.

काल येथल्या ‘वाट फ्रा केव’ या देवळाच्या ओवऱ्यांतून फिरलो. तेथे भिंतीभर ‘रामकियन’ म्हणजे थायलंडची रामकथा आहे, एकूण 178 चित्रे. एका चित्रात बिभीषणाची मुलगी बेंजकाय सीतेचे रूप घेऊन मेल्यासारखी नदीत तरंगते आणि राम शोकाने कोसळतो. पण प्रेत प्रवाहाविरुद्ध कसे आले, हे एकटा पांढराशुभ्र मारुती ताडतो. हा मारुती ब्रह्मचारी नाही. रावणाच्या मत्स्यकन्येपासून त्याला मुलगाही झाला आहे. आपल्या मकरध्वजाच्या वेळी घामाच्या थेंबावर भागले होते! काकू आधी रागावतील आणि मग पुढची गोष्ट विचारतील.

ही चित्रे मूळची ‘पहिला राम’ म्हणवणाऱ्या थाई राजाच्या कारकिर्दीतली. ओल आणि क्षार यांमुळे पोपडे सुटतात, म्हणून 1882, 1932 आणि 1982 साली मोठी डागडुजी होऊन ती पुन्हा रंगवली गेली. ‘जुने गेले की नवे काढायचे’ असे मी आपल्या गावच्या देवळातल्या जुन्या चित्रांवरून तुझ्याशी भांडताना म्हणालो होतो, तेच येथे झाले, असे वाटून क्षणभर बरे वाटले. पण मग वाटाड्याने सांगितले की, रंग लावण्याआधी जुने चित्रकार भिंत झाडपाल्याच्या पाण्याने धूत आणि तिच्यावर हळकुंड ओढून पाहत. रेघ लाल उमटली, तर चुन्याचा क्षार शिल्लक आहे असे समजून पुन्हा धूत. हळदीत चुना कालवून कुंकू करणारे आपण, आणि देवळाच्या भिंतीवर एका दुपारी ऑइलपेंट फासून मोकळे झालो. तू ओरडत होतास आणि मी शिडी धरून उभा होतो.

आता देवळाच्या विश्वस्तांना उरलेली, रामसेतूच्या चित्राची भिंतही रंगवायची आहे आणि माझी सही हवी आहे. नाही म्हणावे, तर पोपडे आणखी दोन पावसाळे टिकणार नाहीत. हो म्हणावे, तर तो हात असलेला चित्रकार कोठून आणायचा? रात्रभर हेच घोळत होते. कागद अजून पिशवीतच आहे.

चिमीचे लग्न ठरल्याचे कळले, फार आनंद झाला. दिवाळीत गावी ये आणि तू काढलेले जुने फोटो घेऊन ये. सेतूच्या डाव्या कोपऱ्यात खार होती की नव्हती, यावर माझे आणि अण्णांचे एकमत होत नाही.

तुझा,
विनायक